किल्लारीचा धसका : भूकंपानंतरच्या मनाचा इतिहास

किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट सहसा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सुरू केली जाते. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ते ठीकच आहे. मनाच्या इतिहासासाठी मात्र वर्षभर मागे जावे लागते.

१९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि आसपासच्या गावांना शंभराहून अधिक लहान धक्के बसले होते. लोक घाबरले, अंथरुणे उचलून अंगणात आणि मोकळ्या जागेत झोपू लागले. पाहणी झाली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. दख्खनचे पठार म्हणजे देशातील अत्यंत स्थिर भूभाग, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. भूकंपप्रवण क्षेत्रांच्या अधिकृत नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. पुढे धक्के थांबले, भीती ओसरली आणि माणसे पुन्हा घरात, माळवदाखाली झोपू लागली.

हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या कथेवर त्याची सावली आहे. एखादे संकट अवचित कोसळते तेव्हा मागे राहिलेला माणूस म्हणतो, "कुणाला ठाऊक होते?" किल्लारीत असे म्हणण्याची सोय नव्हती. भीती वर्षभर आधी येऊन गेली होती, ती अनाठायी ठरवली गेली होती, आणि नंतर तीच खरी निघाली. जगल्या-वाचल्या माणसाच्या मनात यातून जे उरते त्याला नुसते दुःख म्हणता येत नाही. त्यात स्वतःलाच लावलेला बोल मिसळलेला असतो.

२९ सप्टेंबरच्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. मिरवणुका आटोपून गावे उशिरा झोपी गेली होती. पहाटेच्या धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या मानाने हा काही महाभूकंप नव्हे. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला झालेला भूकंप साधारण याच ताकदीचा होता आणि तिथे मृतांची संख्या दोनशेच्या आत राहिली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मात्र शासकीय गणनेनुसार जवळपास आठ हजार आणि इतर नोंदींनुसार दहा हजारांच्या घरात माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी, राजेगाव, पेठसांगवी, अशी गावामागून गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली.

माणसे मेली ती घरांमुळे, आणि त्या घरांची रचना समजून घेतल्याशिवाय पुढच्या भीतीचा अर्थ लागत नाही.

मराठवाड्यातील जुने माळवदी घर म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या भिंती. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव, आणि सगळे मातीतच बांधलेले. दोन्ही पदरांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा घराइतका गारवा दुसरीकडे मिळत नाही. पाऊस झिरपू नये म्हणून दर काही वर्षांनी वर आणखी माती पडत जाई, आणि छताचे ओझे वाढत जाई. घर किती खणांचे आहे यावर घराण्याची पत मोजली जाई, आणि भिंतीच्या जाडीवर घराची मजबुती. त्या पहाटे ज्याची भिंत जाड आणि माळवद जड, त्याच्या घरावर मरण अधिक जोराने कोसळले. काही ठिकाणी लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या खाली आल्या.

गावगाड्याच्या भाषेत वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि शेतजमिनीला 'काळी'. पांढरीत राहायचे आणि काळीवर जगायचे, ही शतकांची रीत होती. भूकंपाने पांढरी नेली आणि काळी जशीच्या तशी ठेवली. हा विचित्र न्याय होता. ऑक्टोबर म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस. घरातली चार माणसे गेलेल्या शेतकऱ्यालाही वाफसा थांबवून धरता येत नाही. दुष्काळात उलट घडते. तिथे काळी दगा देते आणि माणूस पांढरीच्या आधाराने तग धरतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला उपासमार सोसण्याची एक रीत ठाऊक होती. आपलेच घर आपल्यावर कोसळते तेव्हा कसे वागायचे, याची रीत कुणापाशीच नव्हती.

शोकाचीही नेहमीची वाट बंद झाली होती. पहिल्याच दिवसांत पाऊस आला. मृतदेह कुजण्याची आणि रोगराई पसरण्याची धास्ती होती. ढिगाऱ्यांतून निघालेल्या तुळया आणि वासे यांचीच सरणे रचून सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. कोणत्या सरणावर आपले कोण होते हे सगळ्यांनाच कळले असे नाही. आपल्याकडे मरणानंतरच्या दिवसांची बांधीव चौकट असते : सुतक, दहावा, तेरावा, भेटायला येणारे सोयरे, शेजाऱ्यांकडून येणारा पहिला घास. ही चौकट उगाच नसते. ती शोकाला मुदत घालून देते. पण सुतक पाळायचे तर घर हवे, आणि शेजारच्यांनी घास आणायचा तर शेजार हवा. सगळे गावच सुतकात असेल तर सांत्वन कुणी कुणाचे करायचे?

मराठीत अशा अवस्थांना फार जुने आणि नेमके शब्द आहेत. एक 'धसका'. माणूस धसका घेतो म्हणजे घडून गेलेले संकट त्याच्या अंगात मुक्कामाला येते. पातेले पडले तरी तो दचकतो, रात्री डोळा लागत नाही, लागला तर ओरडत उठतो, त्या वाटेने जायला पाय धजत नाहीत. दुसरा शब्द 'हाय'. हाय खाणाऱ्या माणसाला भीती नसते, त्याची ओढच संपलेली असते. अन्न जात नाही, कामात मन लागत नाही, तो दिवसेंदिवस झिजत जातो. आणि तिसरी गोष्ट शरीराची : डोके धरणे, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, अंगात त्राण नसणे. खेड्यातला माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा ही तिसरी तक्रार घेऊन. धसका आणि हाय यांवर दवाखान्यात औषध मिळते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते; त्यासाठी देवऋषी असतो, दर्ग्याचा गंडा असतो, कुलदैवत असते.

आधुनिक मानसोपचारशास्त्राला याच गोष्टीची नोंद करायला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातांतून वाचलेल्या, पण अंगावर जखम नसलेल्या प्रवाशांच्या तक्रारींचे खापर पाठीच्या कण्यावर फोडले गेले. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या नियतकालिकात खंदकांतील सैनिकांबद्दल लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते अशी त्यामागची समजूत होती. पुढे मायर्सलाच तो शब्द पटेनासा झाला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्यासाठी झगडणाऱ्या डॉक्टरांच्या रेट्यानंतर १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'आघातोत्तर तणाव विकार', म्हणजे पीटीएसडी, हे निदान अधिकृत केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते १९९२ साली आले. किल्लारीला धक्के बसत होते, ते नेमके हेच वर्ष.

थोडक्यात, ज्या निदानाच्या आधारे मराठवाड्यातील भूकंपग्रस्तांची तपासणी होणार होती ते निदान जेमतेम तेरा वर्षांचे होते आणि त्याचा जन्म परक्या देशातील सैनिकांच्या अनुभवातून झाला होता. सैनिक युद्धावर जातो आणि घरी परततो. किल्लारीचा माणूस कुठे गेलाच नव्हता. त्याचे घर हीच त्याची रणभूमी झाली होती.

भूकंपानंतर काही आठवड्यांतच मानसोपचारतज्ज्ञांचे एक पथक वाचलेल्यांपर्यंत पोहोचले. प्रताप शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्राथमिक अहवाल १९९६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला, आणि त्यांत दोन विकार सर्वाधिक होते : आघातोत्तर तणाव विकार आणि तीव्र नैराश्य. स्त्रियांमध्ये आणि घरदार, मालमत्ता गमावलेल्यांमध्ये प्रमाण अधिक होते. अहवाल छोटा, अभ्यासलेला गटही छोटा. तरीही ग्रामीण भारतातल्या भूकंपानंतर मनाची मोजदाद करण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही या आपत्तीच्या मानसिक परिणामांचा अभ्यास हाती घेतला. त्याचे प्रमुख संशोधक होते पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, तेच हे. नाटकवेड्या मराठी समाजाला त्यांची ही दुसरी ओळख फारशी नाही, हे थोडे खटकते.

आता त्या दोन निदानांकडे पुन्हा पाहावे. एक विकार भीतीचा, दुसरा ओढ संपण्याचा. म्हणजे धसका आणि हाय. आपत्तीनंतरचे हे विकार एकेकटे क्वचितच येतात, हे पुढे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले. आघातोत्तर तणाव विकार असलेल्या व्यक्तीला नैराश्य, चिंता, व्यसन किंवा शारीरिक वेदना यांपैकी काहीतरी सोबतीला असणे हाच नियम ठरला आणि एकटा विकार हा अपवाद. याची एक बाजू तांत्रिक आहे. झोप न लागणे, चित्त न लागणे, कशातच रस न उरणे ही लक्षणे दोन्ही निदानांच्या यादीत आहेत, त्यामुळे याद्या एकमेकींवर चढतात. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. संकट एक दिसले तरी त्याचे घाव अनेक असतात. ढिगाऱ्याखाली आठ तास अडकून पडणे हा एक घाव आहे. त्यातून धसका येतो. त्याच ढिगाऱ्याखालून मूल बाहेर न येणे हा दुसरा. त्यातून हाय येते. पायाचे हाड मोडून नांगर धरता न येणे हा तिसरा. तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलेले असतील तर त्याला कोणत्या रकान्यात घालणार? किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात तिन्ही एकत्र वाट्याला येणे ही अगदी सामान्य गोष्ट होती.

स्त्रियांचे प्रमाण अधिक का, याचे उत्तर केवळ स्त्रीस्वभावात शोधण्याची सवय आपल्या समाजाला आहे. ती टाळलेली बरी. शेत उरलेला पुरुष दिवसा काळीवर जात होता. जिचे सगळे जग पांढरीत होते त्या बाईला दिवसभर त्याच पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहायचे होते. तिची चूल, तिचा ओटा, तिची शेजारीण, पाणी भरायला जाण्याची वाट, सगळे गेले होते. मदतीची यादी मात्र कुटुंबप्रमुखाच्या नावाने बने.

'आघातोत्तर' या शब्दातील 'उत्तर', म्हणजे 'नंतर', हा भागही इथे जरा तपासून घ्यायला हवा. निदानपुस्तिका गृहीत धरते की संकट संपले आहे आणि मन मात्र अजून सावध आहे. म्हणून ती सावधता हा आजार. किल्लारीत संकट संपलेच नव्हते. मुख्य धक्क्यानंतरही कित्येक महिने जमीन अधूनमधून हलत होती. अशा वेळी रात्री जागा राहणारा माणूस आजारी आहे की शहाणा? त्यातही, वर्षभरापूर्वी घाबरून अंगणात झोपलेला आणि मग धीर धरून आत गेलेला हाच तो माणूस. त्याच्या अनुभवाने त्याला शिकवले होते की भीती सोडणे महागात पडते. "आता काही होणार नाही" हे वाक्य त्याने एकदा ऐकले होते. सांगणारा कितीही मोठा तज्ज्ञ असला तरी ते दुसऱ्यांदा पटणे कठीण होते.

डॉक्टरांच्या संख्येबद्दल तर बोलायलाच नको. महाराष्ट्रातील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. याला इतिहासाची एक जुनी किनार आहे. निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय चक्क जालन्यात होते. संस्थान विलीन झाल्यावर १९५० च्या दशकात ते हैदराबादला हलवले गेले, आणि १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तो या सोयीविनाच. जवळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये म्हणजे अंबाजोगाई, सोलापूर आणि १९८८ साली सुरू झालेले नांदेडचे. लातूरला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २००२ उजाडले.

याच प्रदेशाने १९४७-४८ साली रझाकारांचा काळ पाहिला होता. जाळलेली गावे, सीमेपलीकडे निघालेली कुटुंबे आणि नंतर पोलीस कारवाईच्या दिवसांतला, विशेषतः मुस्लिम वस्त्यांनी सोसलेला हिंसाचार. नांदेड, लातूर, उस्मानाबादच्या त्या पिढीच्या मनावर काय कोरले गेले याची वैद्यकीय नोंद कुठेच नाही. नोंद करायला लागणारे निदानच तेव्हा अस्तित्वात नव्हते. त्या अर्थाने १९९३ हे मराठवाड्याच्या इतिहासातील असे बहुधा पहिलेच संकट, ज्यात मेलेल्यांसोबत जिवंत राहिलेल्यांच्या मनाचीही थोडीफार गणना झाली.

सरकारने सर्वाधिक मन लावून जे मोजले ते घर. त्यात गैर काही नव्हते. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या माणसाला आधी छप्पर लागते. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. तो त्या काळातल्या जगातील मोठ्या पुनर्वसन प्रकल्पांपैकी एक होता. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे वसवायची ठरली. इतर शेकडो गावांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे ठरले.

आणि इथे धसका पहिल्यांदा सरकारी कागदावर आला, पण वेगळ्या वेषात. लोकांनी दगड नाकारला. ज्या दगडाने माणसे मारली त्या दगडाच्या भिंतीत पुन्हा झोपायचे नाही, आम्हाला सिमेंट-काँक्रीटचेच घर हवे, ही मागणी गावोगाव एकमुखी होती. अभियंत्यांचे म्हणणे वेगळे होते आणि ते तांत्रिकदृष्ट्या चूकही नव्हते : दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे. आरपार जाणारे दगड घाला, कोपरे बांधा, सर्व भिंतींवरून फिरणारा पट्टा टाका, माळवदावरची माती कमी करा, आणि तेच घर भूकंपात टिकेल. जमिनीतला दगड फुकट होता, गवंडी गावातच होते. तरीही कुणी ऐकायला तयार नव्हते. ज्यांनी कधी मानसोपचाराचे पुस्तक उघडले नव्हते अशा अभियंत्यांना रोज सकाळी आघातोत्तर तणाव विकाराच्या एका लक्षणाशी हुज्जत घालावी लागत होती. पाठ्यपुस्तकात त्या लक्षणाचे नाव 'टाळणे' असे आहे : आघाताची आठवण करून देणाऱ्या वस्तू, जागा, माणसे यांपासून दूर राहणे. एकटा माणूस टाळतो तेव्हा तो रुग्ण ठरतो. पन्नास गावे एकदम टाळतात तेव्हा ते गृहनिर्माण धोरण होते.

५२ गावांना नवी, सुटी, मजबूत घरे मिळाली. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला : भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्यावरील शेतकऱ्यांना ७५०. म्हणजे भूकंपाने जे क्षणभर सपाट केले होते ते नकाशावर पुन्हा चढ-उतारासह आखले गेले. नव्या गावांची रचना शहरी वसाहतीसारखी झाली : सरळ रुंद रस्ते, चौकटीत बसवलेले भूखंड, घराघरांत अंतर. हवा खेळती राहावी, उद्या पुन्हा धक्का बसलाच तर पळायला जागा असावी, हा हेतू. पण जुन्या गावातला बोळ अरुंद होता म्हणूनच ओट्यावर बसलेल्या दोघींना आपापल्या दारातून बोलता येत होते. वाड्याच्या आत बाईला स्वतःचे उघडे आकाश होते. नव्या सुट्या घराला आतले अंगण नव्हते आणि रस्त्याची नजर थेट दारात येत होती. पुढे अनेकांनी घरासमोर पत्रे, कूड, दगडी कुंपणे घालून आडोसे उभे केले. त्या आडोशांना योजनेत नाव नव्हते. धसक्यासाठी रुंद रस्ता हवा होता आणि हायेसाठी अरुंद बोळ. योजनेने पहिल्याची बाजू घेतली. आराखडा आखणाऱ्यांना दुसऱ्या दुखण्याची ओळखच नव्हती, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

दुरुस्तीच्या गावांत मात्र थोडे निराळे घडले आणि ते अधिक शिकवणारे आहे. तिथे 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेने शासनाच्या सहकार्याने गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून स्त्रियांना नेमले. काम होते घर मजबुतीकरणाची माहिती द्यायची, अनुदान आणि सिमेंट याबाबत लोकांचे प्रश्न अधिकाऱ्यांपर्यंत न्यायचे. मानसिक आरोग्य हा शब्द त्या कामाच्या वर्णनात नव्हता. पण उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बाया एकमेकींच्या घरी जाऊ लागल्या, भिंतीबद्दल बोलता बोलता भिंतीखाली गेलेल्यांबद्दल बोलू लागल्या, असे मानायला जागा आहे. इतक्या घरांत, इतक्या दारांत, भूकंप सोडून दुसरे बोलणे निघणार तरी कोणते? आपल्या हातांनी दुरुस्त केलेली भिंत आपण पुन्हा जवळ करू शकतो, हे टाळण्याच्या सवयीवरचे उपचार जगभर ज्या तत्त्वावर चालतात त्याच्या अगदी जवळ जाणारे आहे : भीतीच्या वस्तूकडे एकदम नव्हे, थोडे थोडे, आणि सोबतीने परतणे.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक होता. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. समाजवादी चळवळीतले पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' सुरू केले. दोन्ही कामे मोठी, आणि दोन्हींतून शेकडो मुले शिकून उभी राहिली. तरी दोन वाटांतला फरक अभ्यासण्यासारखा आहे. एकीकडे मूल ढिगाऱ्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पुण्यासारख्या शिक्षणाच्या केंद्राजवळ. दुसरीकडे ते आपल्याच बोलीच्या, आपल्याच मातीच्या परिसरात. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धग्रस्त मुलांची पाळणाघरे चालवताना नोंदवले होते की मुलांना बाँबपेक्षा आईवडिलांची ताटातूट अधिक खचवते. पण हा निष्कर्ष किल्लारीला सरळ लावता येत नाही. ज्यांचे आईवडीलच उरले नव्हते त्यांच्यासाठी ताटातूट आधीच झाली होती. त्यांना आता हवा होता रोजचा दिनक्रम, घंटा, वर्ग, मैदान आणि आपल्यासारखीच इतर मुले. ते दोन्ही ठिकाणी मिळाले.

किल्लारीचा नंतरच्या धोरणांवर काय परिणाम झाला हे थोडक्यात पाहावे. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर आपत्तीतील मानसिक आरोग्याची चर्चा देशात सुरू झाली होती. किल्लारी, १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांनी ती पुढे नेली. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. डिसेंबर २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मनोसामाजिक आधार आणि मानसिक आरोग्य सेवांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. किल्लारीला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. भूकंपक्षेत्रांचा नकाशा त्याआधीच, २००२ साली, बदलला : पहिले क्षेत्र रद्द झाले आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेले. १९९२ साली अंगणात झोपलेल्यांचे म्हणणे असे दहा वर्षांनी कागदावर मान्य झाले.

मराठवाड्याची जमीन त्यानंतरही अधूनमधून बोलते आहे. २००६ च्या अखेरीपासून पुढे काही वर्षे नांदेड शहराला लहान धक्क्यांच्या मालिकेने हैराण केले. तीव्रता किरकोळ, पण प्रत्येक गडगडाटासरशी माणसे घराबाहेर. नांदेडमधल्या त्या घबराटीचे शास्त्रीय कारण शहराखालच्या खडकात सापडते. तिचे ऐतिहासिक कारण दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या किल्लारीत. सप्टेंबर २०२२ मध्ये लातूरच्या निलंगा तालुक्यातील हासोरी गावात जमिनीतून आवाज येऊ लागले. महिनाही सप्टेंबरच, आणि गाव किल्लारीपासून फार दूर नाही. १९९३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले त्या रात्री आजी-आजोबांसोबत बाहेर झोपली असतील तर त्यांना कारण विचारावे लागले नसेल. धसका असाही वारशाने येतो : घरातले थोरले कोणत्या आवाजाला दचकतात हे मूल भाषा शिकावी तसे शिकते. तिथीही त्याला हातभार लावते. इंग्रजी तारीख ३० सप्टेंबरला वर्षातून एकदाच येते आणि किल्लारीच्या स्मृतिस्तंभाशी मानवंदना होते. पण या गावांत विसर्जनाची रात्रही दर वर्षी येते, वेगवेगळ्या तारखेला, ढोल-ताशांसह.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेड, परभणी, हिंगोलीत जाणवला. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा, थोडा हलका. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा. जीवितहानी झाली नाही. मार्चमधल्या त्या सकाळी नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने नागरिकांना घाबरून न जाण्याचे आवाहन केले, आणि त्यासोबत एक व्यावहारिक सूचना केली : ज्यांच्या घरांवर पत्रे आहेत आणि ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून ज्यांनी त्यांवर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड उतरवून घ्यावेत.